शहाणी ओवी

"आई, ओवी माझ्याशी शेवटची कधी भांडली गं?" शर्वरीने जेवताना ऐटीत विचारलं.

"महिना झाला असेल," आई म्हणाली. "कानामागच्या, लक्ष लागायच्या औषधाच्या चकतीने किती शहाणी झालीय!"

सहा वर्षांच्या धाकट्या ओवीने पुरणपोळी बाजूला सारली. "भूक नाही."

"चकतीचा आकडा तीनवर ठेवूनही पोरीला औषध सोसत नाही," बाबा म्हणाले. "डॉक्टर उद्या औषधच बंद करणार."

शर्वरीने हातातला घास ताटात ठेवला. तीनवर ओवी धडा पुरा लिहायची, पोळ्या हाणायची, भांडायचीही. आपल्या परीक्षेत शांतता हवी म्हणून शर्वरीनेच मोबाईलवरून चकतीचा आकडा सात केला होता, आणि परीक्षा संपल्यावरही ती शांतता तिला आवडली होती.

"बाबा, आकडा सात आहे. मी केलाय. उद्या डॉक्टरांकडे मी येणार, आणि हे मीच सांगणार."