मुळासकट

“मुळापासून काढ बाई. नुसतं वरवर नगं,” भामाबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

चैताली कॉम्प्युटरसमोर बसली. तिकोणा पेठेतल्या या घरात दोन वर्षांपूर्वी लिनक्स तिनंच टाकून दिलं होतं, आणि पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅमही. भामाबाईंच्या नवऱ्याला, दत्तोबाआबांना, दिसेनासं झालं होतं. पेपर ऐकायला मिळाला तेव्हा म्हातारा केवढा खूश झाला होता! चैतालीचा त्यांच्यावर जीवच जडला.

मागच्या महिन्यात आबांना तळेगावला दवाखान्यात नेल्याचं तिला कुसगावात, घरी कळलं होतं. पुढचं कुणी सांगितलं नव्हतं. आज दारातच भामाबाई म्हणाल्या, “तुला कळलंच आसंल समदं.” त्यावर काय विचारणार? मान हलवून ती गुपचूप आत आली. आबांची खुर्ची रिकामी होती. त्यांची काठीही भामाबाईंनी कुणाला तरी देऊन टाकली होती.

भामाबाईंच्या कपाळावर कुंकू होतं. हल्ली बायका पुसत नाहीत, चांगलंच आहे, असं चैतालीला वाटलं. पण आतून त्यांचं गुणगुणणं ऐकू आलं तेव्हा मात्र तिला रागच आला. एवढ्यात गाणी सुचतात तरी कशी?

“मावशी, प्रोग्रॅम निघाला. पण त्याची सेटिंग मागं राहतात. राहू देत का? आबांनी आवाज हवा तसा करून घेतला होता. आपल्या नदीचं नाव, ‘पवना’, नीट म्हणायला शिकवलं होतं त्याला.”

“न्हाई गं. परवा शेजारच्यानं काढलं म्हनला, तरी सकाळी परत बोलाया लागलं. दोन वर्सं ऐकलं, लय झालं. आता या घरात तो आवाज नगं.” भामाबाईंनी चहा पुढं ठेवला. “लय हलकं वाटतंय बघ मला.”

चैतालीनं सेटिंगसकट सगळं काढायची आज्ञा दिली. प्रोग्रॅमबरोबर आलेली, आता कुणाच्याच कामाची न राहिलेली पॅकेजंही काढली. उरला एक लपलेला फोल्डर. आबांनी शिकवलेले शब्द त्यातच होते, आणि तो आपोआप जात नाही, हातानं काढावा लागतो.

पडद्यावर प्रश्न आला. चैतालीचे डोळे भरून आले. एवढं तरी पेनड्राइव्हवर घालून घरी न्यावं, असं तिला फार वाटलं. बोट काही पुढं जाईना.

“हा फोल्डर कायमचा काढायचा का? हो. नाही,” मागून आवाज आला, एकेक शब्द सावकाश वाचणारा.

प्रोग्रॅम तर कधीच काढला होता.

“आगं, ‘हो’ दाब की पोरी.”

दारात दत्तोबाआबा उभे होते, डोळ्यांच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा कपाळावर सरकवून.