मानेतली गाठ

माझ्या मानेतली गाठ मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीलाच चिकटलेली होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनबाईंनी विचारलं, "इतकी खोलवरची गाठ सापडली तरी कुणाला?"

"आमच्या मुलाला," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "बायकोवर बारीक लक्ष असतं हो त्याचं."

मी कॉलर वर ओढून मांडीवरच्या चार वर्षांच्या लेकीला थोपटत राहिले.

"गाठ दाबली की चक्कर येते का?" बाईंनी मला विचारलं. पण मला बोलू देईल तर तो माझा नवरा कसला.

"चक्कर कसली मॅडम, शुद्धच जाते हिची. डोळे पांढरे, ओठ निळे. या महिन्यात तीनदा झालं."

लिहिता लिहिता बाईंचं पेन थांबलं. "शुद्ध जाईपर्यंत? दाबता तरी कसं? दाखवा बघू."

नवऱ्यानं दोन्ही हात खिशात घातले.

 

तेवढ्यात लेक माझ्या मांडीवर उभी राहिली, तिनं इवल्याशा दोन्ही हातांनी माझा गळा आवळला आणि बाईंकडे बघून म्हणाली, "अस्सं. आई झोपेपर्यंत."