मागची सीट

हनोईत जुन्या मोटारसायकली विकतो मी. परवा खिएमकाका आले, सत्तरीच्या पुढचे. "लहानशी, स्वस्तातली दे पोरा. क्वांग त्रीला जाऊन यायचंय."

"एवढ्या लांब? काका, रेल्वेनं जा की आरामात!"

"जाताना घेतील रे. येताना थोरला भाऊ असेल सोबत, मग नाही घेणार."

भाऊ दारुडा असणार, असं मी धरूनच चाललो. जरा मोठी गाडी पुढे काढली. "मग ही घ्या. त्या चिलटावर दोघं म्हातारे बसलात, तर घाटात उतरून ढकलावी लागेल."

"मोठी आडवी झाली तर मला एकट्याला उचलवायची नाही. आणि त्याचं वजन ते काय!"

त्यांनी सगळ्यात हलकी गाडी निवडली. इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही, मागची सीट मात्र तळव्यानं दाबून दाबून पाहत राहिले. "लहानपणी तो मला सायकलवर मागे बसवून शाळेत न्यायचा. मला डुलकी लागायची, म्हणून कापडानं स्वतःच्या कमरेला बांधून घ्यायचा."

"मग आता त्यांनाही सांगा, घट्ट धरून बसा म्हणावं," मी हसत म्हणालो.

 

काकांनी पिशवीतून लाल कापड काढून सीटवर अंथरलं. "लढाईत गेला रे तो. आता कुठे हाडं सापडलीत. पेटी बांधायला दोरी तेवढी मऊ दे."