वेणूचा फ्रॉक

मोरीतला नळ खाकरला. पल्लवी दचकून उठली. तीन वर्षांनी पाणी आलं होतं!

तिने ओला टॉवेल आपल्या लेकीच्या, वेणूच्या वाळक्या अंगावर पांघरला. सड्यावरच्या उघड्या कातळात, बोटभर मातीत, निळ्या फुलाचं इवलं रोप उन्हाळाभर करकरीत वाळतं आणि पाणी लागताच पुन्हा हिरवं होतं. त्याचाच अर्क डॉक्टरांनी वेणूला टोचला होता. "घरटी एकाच मुलापुरतं टँकरचं पाणी मिळेल. एकीला पावसापर्यंत झोपवा." मग तीन वर्षं पाऊस आलाच नाही.

दवाखान्यात तिच्या जुळ्या बहिणीने, मुक्ताने रडून आकांत केला होता. वेणूने निमूट हात पुढे केला होता.

पाचोळ्यासारखी बोटं हळूहळू मऊ झाली. वेणूने डोळे उघडले.

"आई, झोपाळू उठली गं!" मुक्ता ओरडली.

वेणू आईला बिलगली. "ही ताई कोण?"

"अगं वेडे, मी मुक्ता!"

पल्लवीने पेज, बाहुली, सगळं तयार ठेवलं होतं. जुळ्यांचा तो ठिपक्यांचा फ्रॉक वेणूला अजून नेमका बसला. मुक्ताच्या फ्रॉकचं फडकं होऊन ओट्यावर पडलं होतं. दोघी शेजारी उभ्या राहिल्या. वेणूचं डोकं जेमतेम मुक्ताच्या खांद्याला पोचत होतं.

वेणूने मुक्ताकडे मान वर करून पाहिलं. मग फडक्यावरचे ठिपके पाहिले.

"आई, मी तर रडलेपण नव्हते," ती म्हणाली. "मग मलाच का झोपवलंस?"