ओलं टोक

दुबईतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये शोभेच्या जपानी तलवारी बनतात. म्यानावरच्या रेशमी दोरीच्या गाठी वलीभाई बांधायचे. दोरीचं टोक आधी जिभेने ओलं करायचे, मगच गाठ मारायचे. मी सुपरवायझर. मला किळस यायची.

रत्नागिरीला त्यांची आई शेवटच्या घटका मोजत होती. सगळ्यांचे पासपोर्ट माझ्या ड्रॉवरमध्ये.

"साहेब, चार दिवसांत परत येतो."

"ऑर्डर जाऊ दे, मग इन्शाल्ला," मी म्हणालो. आमच्या ऑफिसात त्याचा अर्थ 'नाही', हे सगळ्यांना कळतं.

आई गेली. ऑर्डरही वेळेवर गेली. पंधरवड्याने वलीभाई कामाच्या टेबलावरच गेले. मग मयत गावी पाठवायला त्यांचा पासपोर्ट मी पाच मिनिटांत काढून दिला.

त्यांच्या जागी आलेला मोईन कोरड्या हातांनी गाठी बांधतो. तरी तपासताना प्रत्येक दोरीचं टोक मला ओलं लागतं.

"एसीचं पाणी असेल, साहेब," मोईन म्हणतो. माझ्याकडे बघत नाही.

आज सकाळी पुण्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, आजच निघ. आई तुझीच वाट बघतेय."

मी ड्रॉवर उघडला. माझ्या पासपोर्टभोवती जांभळी दोरी घट्ट आवळलेली होती, वर सुरेख गाठ. सोडवायला मी टोक धरलं.

ओलं होतं. आणि अजून कोमट.