पाहुणीचा चहा

सरकारने नेमलेल्या खासगी कंपनीची तपासनीस बाई एनिडचा अपंगभत्ता चालू ठेवायचा का, ते ठरवायला घरी आली. "कशा आहात?" "ठीक आहे. कुरकुर करून काय होतंय?" एनिड सवयीने म्हणाली. दारात आलेल्याला चहाशिवाय धाडणं यॉर्कशरच्या माणसाला जमत नाही. स्वयंपाकघरात तिने संधिवाताने वाकलेल्या हातांनी किटली दोन्ही मनगटांत धरून उचलली. उकळतं पाणी हातावर सांडलं. बाही खाली ओढून तिने ठेवणीतला कप हसत बाईपुढे ठेवला. बाई घोटभर प्यायली, काहीतरी टिपून लगबगीने गेली. तीन आठवड्यांनी पत्र आलं. एनिडच्या हाताला अजून पट्टी होती, म्हणून पाकीट शेजारच्या ग्लेनिसने फोडलं. "'चहा कुणाच्याही मदतीशिवाय करतात. भत्ता बंद.' अगं बये, चहा कशाला केलास तिला?" एनिड पट्टीकडे बघत राहिली. "कसा झाला होता, ते लिहिलंय का?"