वाळ्याचा वास

"साहेब, आमचं पाणी तुमी त्या रिसॉर्टला विकलंय," रंगूबाई म्हणाली. "आन वर आमालाच सांगताय, पाऊस न्हाई म्हणून हीर आटली."

कचेरीत पंखा फिरत होता. साहेबांनी सही पुरी केली, मग मान वर केली. जतच्या पार टोकाकडून, सुळक्याच्या वाडीतून आलेली म्हातारी तोंडावर असं बोलेल असं त्यांना वाटलं नव्हतं. साहेबांना असं कोणी बोलत नाही. म्हणून तर ते साहेब.

वाडीच्या वरच्या माळावर 'मौनराई' नावाचं रिसॉर्ट झालं होतं. मुंबई-पुण्याची माणसं तिथं थकवा काढायला येत. रिसॉर्टनं खोल बोअर मारले आणि त्याच उन्हाळ्यात वाडीची विहीर कोरडी पडली. तेव्हापासून बायका कोसभरावरून पाणी आणत होत्या. रंगूबाईची सून रेश्मा सात महिन्यांची पोटुशी होती. घागर तिच्याही कमरेवर होती. म्हणूनच तक्रारीवर पहिला अंगठा रंगूबाईचा होता.

"विकलंय म्हणता, मग एकदा बघून तरी या," साहेब म्हणाले. "दिवसभर पाहुण्या म्हणून राहा. पटलं तर तक्रार मागं घ्या. रिसॉर्ट वाडीला रोज एक टँकर देईल. फुकट."

"आन न्हाई पटलं तर?"

"मग तक्रार चालू राहील. तक्रारी चालतात हो, वर्षानुवर्षं चालतात."

रंगूबाई उठली. रेश्माला वर्षं नव्हती. तिला दोन महिने होते.

ती गेली ती जांभळं इरकल नेसून. लेकानं बेळगावहून आणलेलं, घडी पहिल्यांदाच मोडलेली. दारात मॅनेजर सुमंत उभा होता. त्यानं तिच्या गळ्यात चाफ्याचा हार घातला आणि फोटो काढायला मोबाइल वर धरला.

"आजी, हसा की."

"दात न्हाईत. काय दावू?"

आत श्रद्धा नावाची सांगलीची पोरगी होती. तिनं रंगूबाईला मऊ पलंगावर निजवलं आणि कोमट तेल पाठीवर सोडलं.

"अंग सैल सोडा, आजी."

"सैल सोडलं की उचलायला चौघं लागत्याल, बाई."

श्रद्धा हसली. रंगूबाईच्या अंगाला असा हात बाळंतपणानंतर कोणी लावला नव्हता. तिला जरा लाज वाटली आणि मग झोप लागली.

उठल्यावर तिला न्हाणीघरात नेलं. मधोमध तांब्याचा मोठा टब होता. म्हैस बसली असती. काठोकाठ पाणी, वर गुलाबाच्या पाकळ्या, तळाशी वाळ्याच्या जुड्या.

"एका माणसाला एवढं?"

"प्रत्येक पाहुण्याला नवीन भरतो."

"आन हे मग?"

"वाया नाही जात, आजी. इथं थेंब वाया जात नाही. तुमच्या साहेबांनीच त्याची सोय लावून दिलीय."

खिडकीबाहेर हिरवीगार लॉन होती. झाडांना सोडत असतील, रंगूबाईला वाटलं. पाणी वाया घालवत नाहीत, एवढं तरी बरं.

पण ती लगेच आत उतरली नाही. वाडीत नव्या पाण्याला आधी हळकुंड सोडतात, मग त्यात घागर बुडवतात. एवढ्या पाण्यात ती जन्मात बसली नव्हती. तिनं कनवटीचं हळकुंड काढलं, पदराचा जांभळा धागा ओढून त्याला तीन वेढे दिले, गाठ मारली आणि पाण्यात सोडलं. हात जोडले. मग उतरली.

न्हाणं झाल्यावर श्रद्धानं तळाचं लाकडी बूच उपसलं. भोक मुठीएवढं होतं. पाणी गरगरलं, पाकळ्या गेल्या, मागोमाग हळकुंड गेलं.

"अगंबाई, तुमचं हळकुंड."

"जाऊ दे. देवाचं हाय. जिथं जायचं तिथं जाईल."

संध्याकाळी तिनं तक्रार मागं घेतल्याच्या कागदावर अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत टँकर आला. कोऱ्या रंगाचा, रिसॉर्टचं नाव घातलेला. साहेब स्वतः आले होते, मागं फोटोवाला. त्यांनी नारळ फोडला. बायकांनी घागरींच्या तोंडाला फडकी बांधून रांग लावली. रंगूबाई हळकुंड आणायला घरात गेली.

परत येईतो ड्रायव्हर धनाजीनं पाइप सोडला होता. पहिली घागर रेश्माची भरली होती आणि रेश्मा तांब्या तोंडाला लावून उभी होती.

"अगं, हळकुंड सोडायच्या आधीच प्यालीस व्हय?"

"लय तहान लागलीती, आत्या. बघा की कसं गार हाय. वाळ्याचा वास येतोय."

"टाकीत वाळा घालायला सांगितलाय मी," साहेब म्हणाले. "तुमच्याकडं माठात घालता ना, तसा."

बायका खूश झाल्या. एकीनं साहेबांपुढं तांब्या धरला. साहेबांनी हात आडवा केला आणि गाडीतून आपली बाटली मागवली.

रंगूबाई घागरीपाशी वाकली. फडक्यात गाळ साठला होता, त्यात गुलाबाची एक पाकळी. तिनं फडकं सोडलं आणि झटकायला उचललं. गाळातून काहीतरी तिच्या डाव्या तळहातावर पडलं.

भिजून फुगलेलं हळकुंड. त्याला जांभळ्या धाग्याचे तीन वेढे.

घरून आणलेलं हळकुंड तिच्या उजव्या मुठीत अजून कोरडंच होतं.

तिनं रेश्माच्या हातातला तांब्या काढून घेतला. मग डावा तळहात पुढं करून ती साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, बाटली खाली ठेवा आन सांगा, ह्यो टँकर कुठनं भरला?"